कास्तकाराचा मोबाइल क्रमांक आणि इंटरनेट कंपन्यांची मनमानी

सन २०२५ च्या हंगामांत भारतीय कापूस निगमानें, म्हणजे आपल्या नेहमींच्या बोलण्यांतील सीसीआयनें, हमी भावाच्या खरेदीसाठीं 'कपास किसान' नांवाच्या मोबाइल ॲपवर नोंदणी करणें आवश्यक केलें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाट, कोठेंहि जा, त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडीं तीच गोष्ट होती. त्याच सुमारास आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध कास्तकार सकाळींच आमच्या ओसरीवर येऊन बसले. आठ एकर कोरडवाहू जमीन, कपाशी-तुरीचें पीक, देणेंघेणें चोख, असे हे गृहस्थ. हातांतील पिशवींत सातबारा, बँकेचें पासबुक, आधार कार्ड, सर्व कांहीं होतें. नव्हता तो फक्त मोबाइलचा क्रमांक. म्हणजे क्रमांक होता, परंतु तो आतां दुसऱ्याच कोणा मनुष्याचा झाला होता. मुलानें घेऊन दिलेल्या नव्या क्रमांकावर त्यांचें बोलणें होई, आणि जुन्या क्रमांकांत पैसे भरण्याचें बरेच महिने राहून गेलें. कंपनीनें तो बंद केला व यथाकाळ दुसऱ्यास देऊन टाकिला. आधार व बँक यांच्या दफ्तरीं मात्र जुनाच क्रमांक कायम. त्यामुळें ज्यास सर्वजण ओटीपी म्हणतात तो खातरजमेचा आंकडा परक्याच्या हातीं जाऊं लागला. ते आम्हांस म्हणाले, "बाबूजी, वावर माह्या नावावर हाय, पण नंबर दुसऱ्याच्या नावावर चढला. आता याचा फेरफार कोणाकडे टाकू?"

पस्तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या आमच्यासारख्यास या प्रश्नानें निरुत्तर केलें. जमिनीच्या हक्काची नोंद बदलावयाची तर नोटीस निघते, हरकत घेण्यास मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो, आणि त्यावरहि अपील आहेच. येथें कंपनीनें एक-दोन संदेश पाठविले असतील, तेहि इंग्रजींत व जाहिरातींच्या ढिगांत. तेवढ्यावर काम उरकलें. आणि हा क्रमांक म्हणजे आतां केवळ बोलण्याचें साधन राहिलेला नाहीं. ई-पीक पाहणी राज्यांत १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, ती मोबाइलवर. पीएम-किसानच्या हप्त्याची ओळख-पडताळणी, महाडीबीटीवरील अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, बँकेचा व्यवहार, सर्वत्र तोच एक क्रमांक लागतो. सबब तो देणारी कंपनी ही कांहीं किराणा दुकानदारासारखी नव्हे, कीं एकाचा माल पटला नाहीं तर उद्यां दुसऱ्याकडे जावें. तिच्या दारीं आमची अर्धी कागदपत्रें गहाण पडल्यासारखीं आहेत, आणि तिला हें पक्कें ठाऊक आहे.

या बाबतींत नियम अगदींच नाहींत असें नाहीं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, ज्यास ट्राय म्हणतात, सन २०१३ मध्यें असें ठरवून दिलें कीं, आगाऊ पैसे भरून वापरावयाचा क्रमांक ९० दिवस सतत वापरांत नसल्याखेरीज बंद करूं नये, आणि खात्यांत २० रुपये शिल्लक असल्यास त्यानंतरहि तो राखावा. बंद झालेला क्रमांक आणखी ९० दिवस तरी कोणास देत नाहींत, ही गोष्ट नोव्हेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयासमोर आली. त्याच वेळीं न्यायालयानें हेंहि म्हटलें कीं, सोडलेल्या क्रमांकावरील आपला मजकूर काढून टाकण्याची काळजी मूळ ग्राहकानेंच घ्यावी. आमच्या या कास्तकारांस वीस रुपयांची गोष्ट कोणी सांगितली असती, तर त्यांचे आधार केंद्राकडे व बँकेकडे झालेले पांच-सहा हेलपाटे वांचले असते. नोंदणीची मुदत वाढली म्हणून त्यांचें कसेंबसें निभावलें. पुढें एके दिवशीं त्यांनीं स्वतःचाच जुना क्रमांक लावून पाहिला. पलीकडून कोणी हिंदी बोलणारा मनुष्य उत्तरला, आणि तुमच्या बँकेचे निरोप मलाच येतात, ते आधीं बंद करा, म्हणून यांच्यावरच रागावला!

आतां पैशाचा हिशेब पाहूं. कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असतो. ३६५ दिवसांस २८ नें भागिलें असतां तेरा महिने होऊन एक दिवस उरतो. आपल्या पंचांगांत अधिक मास सुमारें तीन वर्षांनीं एकदां येतो. कंपन्यांच्या पंचांगांत तो दरवर्षीं येतो. समजा, एका खेपेस ३०० रुपये पडतात. तर बारा खेपांचे ३,६०० होतात व तेरा खेपांचे ३,९०० होतात. घरांत चार मोबाइल असले तर वर्षाकांठीं १,२०० रुपये या लबाड महिन्यापायीं गेले. एवढ्यांत एका खताच्या गोणीची बहुतेक सोय होते. यावर ओरड झाली तेव्हां जानेवारी २०२२ मध्यें ट्रायनें हुकूम काढिला कीं, प्रत्येक कंपनीनें निदान एक योजना पुऱ्या ३० दिवसांची व एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतन होणारी अशी ठेवावी. योजना आल्या; परंतु दुकानांतील पोऱ्या त्या आपण होऊन दाखवीत नाहीं, आणि ॲपमध्यें त्या पार खालीं असतात. तशीच दुसरी गोष्ट. ज्या म्हाताऱ्या माणसास केवळ बोलावयाचें आहे, त्यानें इंटरनेटचे पैसे कां भरावे? डिसेंबर २०२४ मध्यें ट्रायनें फक्त बोलणें व संदेश एवढ्याचीच योजना ठेवण्याचें बंधन घातलें, आणि अशा विशेष योजनांची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्यास वाव दिला. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांनीं दुकानांत ही योजना नांव घेऊन मागावी. "नाहीं" असें उत्तर आल्यास कंपनीच्या तक्रार केंद्राकडे विचारावें. दुकानदाराचा शब्द म्हणजे कंपनीचा शब्द नव्हे.

कंपनी सोडून जाण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. क्रमांक तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जातां येतें. त्यासाठीं १९०० या क्रमांकावर इंग्रजींत 'पोर्ट' हा शब्द व पुढें आपला दहा आंकडी क्रमांक लिहून संदेश पाठविला म्हणजे एक संकेत येतो. तो नव्या कंपनीच्या दुकानांत द्यावयाचा. दिसावयास ही फार सोपी वाट. परंतु मध्यंतरीं कांहीं कंपन्यांनीं अशी युक्ति काढिली कीं, कमी पैशांच्या योजनांत संदेश पाठविण्याची सोयच ठेवावयाची नाहीं. म्हणजे जाण्याचें दार उघडें, परंतु दारापर्यंत जाण्याचा धुरा नांगरून टाकलेला! शेवटीं ७ डिसेंबर २०२१ रोजीं ट्रायला स्वतंत्र आदेश द्यावा लागला कीं, योजना कितीहि स्वस्त असो, १९०० वर संदेश पाठवितां आलाच पाहिजे. अलीकडे, १ जुलै २०२४ पासून, सिम बदलून घेतल्यावर सात दिवस हा संकेत मिळत नाहीं. तें बंधन मात्र आमच्या मतें योग्य आहे, कारण चोरट्यांनीं दुसऱ्याच्या नांवें सिम काढून क्रमांकच पळविण्याचे प्रकार होत होते.

येथवर मोबाइलचें झालें. तारेनें घरांत येणाऱ्या इंटरनेटची कथा याहून निराळी नाहीं, ती आमच्या स्वतःच्या घरचीच सांगतों. कंपनीचें नांव देत नाहीं, कारण आमचा हेतु एकीस झोडपण्याचा नसून सर्वांची रीत दाखविण्याचा आहे. मुलीच्या परीक्षेच्या अभ्यासासाठीं आम्हीं जोडणी घेतली. जोडणारा मुलगा गोड स्वभावाचा, आमच्याच तालुक्यांतला. त्यानें आधार कार्डाच्या दोन्ही बाजू टिपल्या, आमचा फोटो घेतला, घराचें ठिकाण नकाशांत रोवलें, आणि मग आमच्या मोबाइलवर कंपनीचें ॲप चढविलें. तें ॲप आमच्या ओळखीच्या लोकांचे क्रमांक मागूं लागलें, आमचीं छायाचित्रें मागूं लागलें, आम्ही कोठें आहों हें क्षणोक्षणीं कळावें म्हणूं लागलें. आम्हीं विचारलें, घरांत तार आणण्यास आमच्या सोयऱ्याधायऱ्यांचे क्रमांक कशास हवेत? तो म्हणाला, "काकाजी, समद्याले 'अलाऊ' करा, नाही तं चालूच होत नाही." आम्हीं केलें. येथें आमची पहिली चूक झाली. मागाहून कळलें कीं, मोबाइलच्या 'सेटिंग' मध्यें जाऊन त्या परवानग्या एकेक काढून घेतां येतात, आणि त्या काढल्यानेंहि इंटरनेट बंद पडत नाहीं.

दुसरी चूक म्हणजे वर्षाचे पैसे एकदम भरले. वेगाची जाहिरात मोठ्या अक्षरांत होती. ठराविक वापरानंतर वेग उतरतो, ही गोष्ट बारीक अक्षरांत होती. सिनेमाच्या चार-पांच ॲपांचा भारा योजनेबरोबर बांधून दिला होता. तो नको म्हटलें तरी सुटेना. राउटर आमच्या घरांत, त्यास वीज आमची, परंतु त्याची आंतील किल्ली, म्हणजे पासवर्ड, कंपनीपाशीं. कोणते यंत्र जोडावें, कोणतें तोडावें हें आम्हांस ठरवितां येईना. जोडणी घेतल्यापासून कर्ज देणाऱ्यांचे व विमा विकणाऱ्यांचे फोनहि वाढले. परंतु याचा त्याच्याशीं संबंध असल्याचा पुरावा आमच्यापाशीं नाहीं, म्हणून तो आरोप आम्ही करीत नाहीं. वर्ष भरत आलें तेव्हां जोडणी बंद करण्याचें ठरविलें. ॲपमध्यें योजना वाढविण्याचें बटण पहिल्याच पानावर होतें. सोडण्याचें कोठेंच सांपडेना. फोन केला तर यंत्र बोले, यंत्रानंतर मनुष्य आला कीं तो नवी सवलत सांगे. आज करूं, उद्यां करूं, यांत तारीख उलटली आणि एके सकाळीं ५,८९९ रुपये आमच्या खात्यांतून परस्पर वळते झाले. जोडणीच्या दिवशीं त्या गोड मुलानें आमच्याच हातून आपोआप वसुलीची कायम संमति देवविली होती!

कायम संमतीची गोष्ट येथें स्पष्ट करून सांगणें जरूर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें अशी वसुली होण्यापूर्वीं निदान चोवीस तास आधीं ग्राहकास सूचना मिळाली पाहिजे. आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीस दर वेळीं पुन्हां संमति लागत नाहीं. सूचना आम्हांस आलीहि असेल. पेरणीच्या घाईंत ती कोण वाचतो? परंतु ही संमति कंपनीस न विचारतां ज्या ॲपमधून पैसे देतों तेथेंच 'ऑटोपे' नांवाच्या सदरांत जाऊन आपल्या हातानें रद्द करितां येते. ज्यांच्या घरीं अशी जोडणी आहे त्यांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं तें सदर एकदां उघडून पाहावें.

निरोप वाहून नेणाऱ्यानें निरोपांत डोकावूं नये, हा दंडक जुना आहे. १८८५ च्या तार कायद्यांत तारखात्याच्या नोकरानें निरोप फोडला, बदलला किंवा बेकायदा दडविला, तर तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली होती. टपालाच्या १८९८ च्या कायद्यांतहि पत्र फोडणाऱ्या नोकरास शिक्षा होती. सरकारनें स्वतःकडे मात्र चोरून ऐकण्याची सवड ठेविली होती, ती गोष्ट वेगळी. सेवाग्रामच्या आश्रमांत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळीं बसविलेला दूरध्वनि आजहि पाहावयास ठेविला आहे. त्या तारेवर बोलतांना दुसऱ्या टोंकास कान असणार, हें तेथें कोणास वेगळें सांगावें लागत नसावें. आतां सरकारच्या जोडीस व्यापारी कानहि आले आहेत. २०१५ मध्यें बेंगळुरूच्या एका संगणक जाणकारास असें आढळलें कीं, एअरटेलच्या मोबाइल इंटरनेटवरून कोणतेंहि पान उघडलें तरी त्या पानांत वाटेंतच परका मजकूर मिसळला जात आहे. त्यानें तें जाहीर केलें, तेव्हां तें यंत्र पुरविणाऱ्या परदेशी कंपनीच्या वकिलांनीं त्यासच नोटीस धाडली. दुसरें उदाहरण याहून झोंबणारें आहे. २३ मार्च २०१७ च्या दूरसंचार खात्याच्या परिपत्रकान्वयें सर्वांच्या मोबाइलची आधारशीं जोडणी चालू असतां, त्याच अंगठ्याच्या बळावर एअरटेलच्या पेमेंट्स बँकेंत लाखों ग्राहकांचीं खातीं त्यांच्या नकळत उघडलीं गेलीं, आणि त्यांच्या स्वयंपाकाच्या गॅसचें अनुदान तेथें जाऊं लागलें. गवगवा झाल्यावर डिसेंबर २०१७ मध्यें आधार प्राधिकरणानें त्या कंपनीची आधार-पडताळणीची परवानगी स्थगित केली, सुमारें ३१ लाख ग्राहकांचे १९० कोटी रुपये परत करावे लागले, आणि रिझर्व्ह बँकेनें मार्च २०१८ मध्यें त्या बँकेस ५ कोटींचा दंड केला. तें परिपत्रकच पुढें सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं घटनाबाह्य ठरविलें. २०१९ च्या दुरुस्तीनें आधार देणें ऐच्छिक झालें. तेव्हां "आधाराशिवाय सिम मिळत नाहीं" असें कोणी म्हणालें, तर पारपत्र किंवा दुसरा मान्य पुरावा पुढें करावा. आणि आधार द्यावयाचेंच झाल्यास पहिले आठ आंकडे झांकलेली प्रत द्यावी, तीवर कारण व तारीख लिहावी.

कास्तकाराच्या नांवावर हा खेळ कसा चालतो, याचा एक मासला द्यावासा वाटतो. २०१५ मध्यें फेसबुकनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जोडीनें हिंदुस्थानांत एक फुकट इंटरनेट आणलें, त्यास पुढें 'फ्री बेसिक्स' हें नांव पडलें. फुकट म्हणजे फेसबुक व त्या योजनेंत बसविलेलीं मोजकीं ठिकाणें तेवढीं फुकट. बाकीच्या इंटरनेटचें फाटक बंद. त्यावर टीका होऊं लागली तेव्हां फेसबुकचे प्रमुख झुकरबर्ग यांनीं डिसेंबर २०१५ मध्यें 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहिला, आणि साक्षीस उभा केला महाराष्ट्रांतील गणेश नांवाचा एक शेतकरी! हा गणेश या फुकट इंटरनेटवर पावसाचा अंदाज पाहतो, मालाचे भाव पाहतो, मग याला विरोध करणारे शेतकऱ्याचेंच अहित करतात, असा त्यांचा युक्तिवाद. भाव पाहण्याची सोय चांगलीच. परंतु कोणत्या बाजाराचे भाव पाहावयाचे हें फाटकावर बसलेल्यानें ठरवावयाचें, ही मेख गणेशच्या नांवाआड झांकली गेली. जुन्या मालगुजारींत ज्यांच्या आजोबांनीं दिवस काढले त्यांस ही मेख समजावून सांगणें नको. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं ट्रायनें असे भेदभावाचे दर बेकायदा ठरविले व मोडणाऱ्यास दिवसास ५०,००० रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत, दंड ठेविला. जुलै २०१८ मध्यें इंटरनेटवर सर्व ठिकाणांस समान वाट मिळावी हें तत्त्व केंद्र सरकारनें मान्य केलें.

आतां आमच्या ५,८९९ रुपयांकडे वळूं. आम्हीं प्रथम चिडून दुकानदाराशीं भांडलों. त्याचा उपयोग शून्य. मग कारकुनी डोकें जागें झालें आणि आम्हीं तारीखवार टिपण केलें. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक कंपनीस तक्रार केंद्र ठेवावें लागतें, आणि प्रत्येक तक्रारीस क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक म्हणजे आवक-जावक वहींतील नोंद समजावी. तो घेतल्याशिवाय फोन ठेवूं नये. तक्रारीची मुदत संपली किंवा उत्तर पटलें नाहीं, तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करितां येतें, व त्यानें ३९ दिवसांत निकाल द्यावयाचा असतो. ट्राय स्वतः एकेकट्याची तक्रार चालवीत नाहीं. तेथें अर्ज धाडून वाट पाहत बसूं नये. मोबाइलवर न मागतां कांहीं सेवा चालू होऊन पैसे कापले जात असतील, तर ती १५५२२३ या क्रमांकावरून बंद करवितां येते. आणि जाहिरातींचे फोन-संदेश १९०९ वर नोंद करून थांबवितां येतात. आपल्या नांवावर दुसऱ्यानेंच सिम काढलेलें नाहीं ना, हें सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर दिसतें.

अपिलांत आम्हीं तीनच मुद्दे घातले: बंद करण्याची मागणी कोणत्या तारखांस केली, त्या प्रत्येकीचा तक्रार क्रमांक काय, आणि सोडण्याचा मार्गच न ठेवणें ही अनुचित व्यापारी प्रथा कशी होते. या शेवटच्या मुद्द्यास आधार भक्कम होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं फसव्या रचनांचीं तेरा रूपें जाहीर केलीं, त्यांत जाळ्यांत अडकवून ठेवणारी वर्गणी व बळजबरीची कृति हीं दोन्ही आहेत. कंपनीनें उत्तर दिलें कीं, 'सेवा शुल्क' वजा करून ३,२०० रुपये देऊं. आम्हीं तें नाकारलें, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचाहि अर्ज तयार केला. पूर्वीं २००९ च्या एका निकालामुळें टेलिफोनचे तंटे ग्राहक मंचांत घेत नसत. परंतु १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खासगी दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जातां येतें असें स्पष्ट केलें, आणि पांच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारांत तेथें फी पडत नाहीं. अर्जाची एक प्रत आम्हीं कंपनीस नोंदणी टपालानें पाठविली. खासगी माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा मात्र आमच्या कामीं आला नाहीं. त्यांत दिलेली संमति तितक्याच सहजतेनें परत घेतां यावी असें म्हटलें आहे खरें, परंतु नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्यें, आणि मुख्य कलमांस अठरा महिन्यांची सवड ठेविली गेली.

नोंदणी टपालाची पोंच आली त्याच्या नवव्या दिवशीं पुरे ५,८९९ रुपये खात्यांत जमा झाले. बरोबर पत्र नाहीं, कीं दिलगिरी नाहीं. राउटर परत न्यावयास मनुष्य येईल असा संदेश आला होता. तो अजून आलेला नाहीं. आम्हीं त्यावर जोडणी बंद झाल्याची तारीख व तक्रार क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवून तो देवळीच्या कोनाड्यांत ठेवून दिला आहे, आणि आठवड्यांतून एकदां त्यावरील धूळ पुसतों.